पुरवणीत दडलेले विज्ञान

शोधनिबंध चार पानांचा आणि त्याची जोडपत्रे शंभर पानांची, हे चित्र आता जगभर रूढ झाले आहे. मात्र ही पाने तयार कोण करतो, तपासतो कोण आणि त्यात चूक राहिली तर किंमत कोण मोजतो, याची चर्चा क्वचितच होते.

परीक्षेच्या वर्गात मुख्य उत्तरपत्रिका संपली की विद्यार्थी हात वर करून 'पुरवणी' मागतो. पुरवण्या जितक्या अधिक तितका अभ्यास दांडगा, असा समज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. विज्ञानाच्या जगातही शोधनिबंधाला अशीच एक पुरवणी जोडली जाते. इंग्रजीत तिला 'सप्लिमेंटरी मटेरियल' अथवा 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' म्हणतात. शाळेतील पुरवणी निदान परीक्षकाला वाचावी तरी लागते. शोधनिबंधाच्या पुरवणीला तीही हमी नाही.

एप्रिल १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने पानभरापेक्षा थोडी अधिक जागा घेतली होती. त्या काळात नियतकालिके कागदावर छापली जात आणि प्रत्येक पानाला खर्च होता. साहजिकच संशोधकाने शंभर मोजमापे केली असली तरी छापून येत ती निवडक दोन-तीन. उरलेली त्याच्या वहीत, फार तर संस्थेच्या कपाटात राहत. नव्वदच्या दशकात नियतकालिके इंटरनेटवर आली आणि जागेची ही अडचण एकाएकी नाहीशी झाली. निबंध पूर्वीसारखाच आटोपशीर ठेवून त्याच्या मागे हवे तितके तक्ते, आलेख, चित्रफिती, प्रश्नावल्या आणि संगणकीय आज्ञावल्या जोडता येऊ लागल्या. निबंध म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू आणि पुरवणी म्हणजे मागचे कोठार, अशी विभागणी झाली.

या कोठाराचे महत्त्व साधे आहे. निबंधात संशोधक निष्कर्ष सांगतो. तो निष्कर्ष खरा आहे का, हे दुसऱ्या कोणाला पडताळून पाहायचे असेल, तर लागणारी सामग्री पुरवणीत असते. कोणते रसायन किती घेतले, तापमान किती होते, कोणते रुग्ण वगळले आणि का, हे सारे तेथे. ते नसेल किंवा चुकीचे असेल, तर निबंधावर विश्वास ठेवणे हा श्रद्धेचा विषय होतो.

एका ओळीची घसरण

हा विषय कारकुनी वाटत असेल, तर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण पाहावे. २००६ मध्ये तेथील डॉ. अनिल पॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची सक्रियता मोजून त्या रुग्णाला केमोथेरपीचे कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येईल, असा त्यातील दावा होता. औषध लागू पडले की नाही हे कळण्यासाठी आजही अनेक रुग्णांना त्रासदायक उपचारांचे काही महिने सोसावे लागतात. त्यामुळे या दाव्याने आशा पल्लवित होणे स्वाभाविकच होते.

ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनाही ही पद्धत वापरायची होती. त्यांनी आपल्या संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगरली आणि केव्हिन कूम्ब्स यांना ती समजून घ्यायला सांगितले. दोघांनी उपलब्ध आकडेवारी आणि जनुकांच्या प्रसिद्ध झालेल्या याद्या घेऊन तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली. उत्तरे जुळेनात. बराच काळ खपल्यावर त्यांच्या लक्षात आले की, जाहीर केलेल्या यादीतील जनुके आणि त्यांच्या आकडेमोडीत निघणारी जनुके यांत नेमका एका ओळीचा फरक आहे. तक्त्याच्या शीर्षकाची पहिली ओळ धरायची की सोडायची, या गफलतीत संपूर्ण यादी एका घराने घसरली होती. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या जागी त्याच्या शेजाऱ्याचे नाव लागले होते. यादीतील काही जनुके तर ज्या चिपवर मोजमाप केल्याचे म्हटले होते, त्या चिपवर नव्हतीच. काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींची नावेच उलटसुलट झाली होती. ही शेवटची चूक सर्वांत भयावह म्हटली पाहिजे, कारण तिचा व्यवहारातील अर्थ असा की, जे औषध रुग्णाला उपयोगी नाही तेच निवडले जाण्याची शक्यता.

बॅगरली आणि कूम्ब्स यांनी २००७ मध्ये आक्षेप प्रसिद्ध केले. लेखकांनी उत्तर दिले आणि वाद 'मतभेद' म्हणून मिटल्यासारखा झाला. दरम्यान याच पद्धतीवर आधारित चाचण्या ड्यूकमध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर सुरू झाल्या. त्यांत शंभराहून अधिक रुग्णांची नोंदणी झाली. २००९ मध्ये दोघा संख्याशास्त्रज्ञांनी सविस्तर लेख लिहिला, तेव्हा चाचण्या थांबल्या. विद्यापीठाने अंतर्गत तपासणी करून त्या २०१० च्या प्रारंभी पुन्हा सुरू केल्या! त्याच वर्षी पॉटी यांनी आपल्या शैक्षणिक गौरवाविषयी केलेला दावा खोटा असल्याचे उघड झाले आणि मग सारी चक्रे फिरली. चाचण्या कायमच्या बंद झाल्या, २०११ च्या जानेवारीत 'नेचर मेडिसिन'मधील निबंध मागे घेण्यात आला. अमेरिकेच्या संशोधन सचोटी कार्यालयाने २०१५ मध्ये, पॉटी यांनी खोटा डेटा वापरल्याचा निष्कर्ष जाहीर केला. पॉटी यांनी तो मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही.

या प्रकरणाकडे बहुतेक जण एका संशोधकाची लबाडी म्हणून पाहतात, आणि ते चूक नाही. पण त्याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. आकडे जनतेसमोर होते, पण ते अशा अर्धवट आणि विस्कळीत रूपात होते की, काय केले गेले हे उलगडण्यासाठी दोन तज्ज्ञांना गुप्तहेरासारखे काम करावे लागले. बॅगरली यांनी या कामाला 'न्यायवैद्यक' धर्तीचे नावच दिले. मूळ आकडेवारी, ती स्वच्छ कशी केली याची नोंद आणि वापरलेली आज्ञावली एवढ्या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट जोडलेल्या असत्या, तर ओळीची घसरण एखाद्या विद्यार्थ्यालाही काही तासांत सापडली असती. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात, अशा चाचण्यांपूर्वी डेटा आणि आज्ञावल्या खुल्या करण्याचा आग्रह धरला तो याच अनुभवातून.

सप्टेंबर नावाचे जनुक

लबाडीचा लवलेश नसतानाही पुरवणी कशी नासते, याचे उदाहरण काहीसे विनोदी आहे. मानवी जनुकांना आखूड नावे असतात. 'सेप्टिन' कुळातील दुसऱ्या जनुकाचे आखूड नाव 'सेप्ट' आणि पुढे '२' असे जोडून लिहिले जाई. हे नाव एक्सेलच्या चौकटीत टाकले की एक्सेल त्याचे '२ सप्टेंबर' करून टाकी. 'मार्च' या नावाच्या जनुकांचीही तीच गत. काही जनुकीय क्रमांकांत मध्येच 'ई' हे अक्षर येते. एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलामोठा आकडा बनवी. ही तक्रार २००४ मध्येच एका निबंधात नोंदवली गेली होती, पण तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१५ या काळातील १८ नियतकालिकांच्या पुरवण्या संगणकाकडून चाळून घेतल्या. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले ३,५९७ निबंध त्यांना सापडले आणि त्यांपैकी ७०४ निबंधांत, म्हणजे जवळपास दर पाचांतील एकात, नावांची अशी मोडतोड झालेली होती. हे निबंध लिहिणारे, तपासणारे आणि छापणारे सारे उच्चशिक्षित. तरीही जनुकांच्या यादीत '२ सप्टेंबर' असे लिहिलेले कोणाच्या नजरेस पडले नाही. याचा अर्थ एवढाच की त्या याद्या कोणी वाचल्याच नव्हत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने हार मानली आणि जनुकांचीच नावे बदलली. 'सेप्ट' ऐवजी 'सेप्टिन', 'मार्च' ऐवजी 'मार्चएफ'. तारखेचे हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. निसर्गातील घटकाचे नाव कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी बदलावे लागले, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात निराळीच म्हणावी लागेल.

आपल्याकडच्या संशोधकांना यात आणखी एक खड्डा आहे. ०३/०४/२०२४ ही तारीख पुण्यात ३ एप्रिल असते आणि अमेरिकी मांडणीच्या संगणकात ४ मार्च. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली की, रुग्णाची तपासणी त्याच्या भरतीच्या आधी झाल्याचे दिसू लागते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिला आहे तो याचसाठी. लाखाचा स्वल्पविराम हाही असाच त्रासदायक. ज्या साध्या मजकूर-फाइलीत स्तंभ स्वल्पविरामाने वेगळे होतात, तीत १,२५,००० हा आकडा योग्य अवतरणांत टाकला नाही तर तीन स्तंभांत विखुरतो.

वाचणाऱ्यांनी पकडले

पुरवणी कोणीतरी वाचते तेव्हा काय होते, याचीही उदाहरणे आहेत. स्फटिकांची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची परंपरा या बाबतीत अनुकरणीय म्हटली पाहिजे. नवीन रेणूची रचना प्रसिद्ध करायची तर क्ष-किरणांच्या मोजमापांची फाइल ठरावीक साच्यात द्यावी लागते, संगणक तिची तपासणी करतो आणि ती केंब्रिजच्या १९६५ पासून चाललेल्या संग्रहासारख्या भांडारात जमा होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधक असो वा टोकियोतील, साचा तोच.

या शिस्तीचे फळ २०१० च्या जानेवारीत दिसले. 'अॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका'च्या 'ई' विभागाने चीनमधील जिंगगांगशान विद्यापीठातून आलेल्या सत्तर रचना खोट्या असल्याचे जाहीर करून त्या मागे घेण्याचा निर्णय घेतला. एकाच खऱ्या मोजमापाची आकडेवारी घेऊन तीत एका धातूच्या जागी दुसरा धातू दाखवायचा आणि 'नवा' रेणू तयार करायचा, अशी ही युक्ती होती. छापील निबंध वाचून ती कोणालाही कळली नसती. जोडलेल्या फाइली नव्या तपासणी-आज्ञावलीतून गेल्या तेव्हा अनेक 'वेगवेगळ्या' रेणूंच्या मागे एकच आकडेवारी असल्याचे उघड झाले.

याउलट २०१३ मध्ये 'ऑर्गनोमेटॅलिक्स' या अमेरिकी रसायनशास्त्रीय नियतकालिकाच्या एका पुरवणीत वेगळाच नमुना वाचकांना सापडला. मसुद्यावर काम करताना एका लेखकाने आपल्या सहकाऱ्यासाठी लिहिलेली सूचना तशीच राहून गेली होती, आणि अमुक संयुगाचे मूलद्रव्य-विश्लेषण बनवून टाक, असा तिचा आशय होता. विश्लेषण प्रत्यक्षात बनावट होते की नाही, हा स्वतंत्र प्रश्न. पण ते वाक्य सर्व लेखक, परीक्षक आणि संपादक यांच्या हातांखालून निसटून जगापुढे आले, यातून पुरवणीच्या वाचनाची अवस्था कळते.

ही अवस्था एका संपादकाला सहन झाली नाही. 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'चे तत्कालीन संपादक जॉन मॉन्सेल यांनी १ नोव्हेंबर २०१० पासून पुरवण्या स्वीकारणेच बंद केले. पुरवण्या मूळ निबंधाइतक्याच फुगल्या आहेत, परीक्षकांना त्या तपासणे शक्य नाही, आणि परीक्षकही 'हा एक प्रयोग करून पुरवणीत टाका' अशा मागण्या वाढवत नेतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा त्रागा समजण्याजोगा होता, परंतु पुरवणी नाकारली म्हणून मोजमापांचा पसारा कमी होत नाही, तो फक्त नजरेआड जातो. २०१३ मध्ये अमेरिकेतील मानक संस्थांनी यावर जो तोडगा सुचवला तो अधिक शहाणपणाचा वाटतो. निष्कर्ष समजण्यासाठी जे अत्यावश्यक आहे ते एका वर्गात घालावे आणि त्याचे परीक्षण निबंधाइतकेच कसोशीने व्हावे. केवळ अधिक माहिती म्हणून जे आहे ते दुसऱ्या वर्गात असावे. 'नेचर'नेही काहीसा असाच मार्ग धरून अत्यावश्यक आकृत्यांसाठी वेगळा विभाग केला आणि त्याला दहाची मर्यादा घातली.

कामाची पद्धत

चांगली पुरवणी शेवटच्या आठवड्यात तयार होत नाही. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर निबंध चढवण्याच्या रात्री फाइलींची जुळवाजुळव सुरू करणारे संशोधक सर्वच संस्थांत आढळतात. 'अंतिम', 'अंतिम-२' आणि 'खरेच अंतिम' अशा नावांच्या फाइलींतून खरी कोणती हे मग लेखकालाही सांगता येत नाही. हे टाळण्याचा मार्ग म्हणजे यंत्रातून निघालेली मूळ आकडेवारी पहिल्या दिवशीच बाजूला ठेवून तिला पुन्हा हात न लावणे. पुढचे सारे बदल तिच्या प्रतीवर करावेत, आणि शक्यतो हाताने नव्हे, तर आज्ञावलीने, म्हणजे काय केले याची नोंद आपोआप राहते.

फाइलीबरोबर एक साधे माहितीपत्रक असावे, ज्यात प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ दिलेला असेल. रिकामी चौकट म्हणजे शून्य, की मोजलेच नाही? हा फरक न सांगितल्यामुळे दुसऱ्याचे आकडे वापरणारा संशोधक बिनदिक्कत चुकीची सरासरी काढतो. तक्ते पीडीएफमध्ये कोंडू नयेत, कारण ते डोळ्यांना दिसतात पण गणितासाठी बाहेर काढताना तुटतात. पुरवणीतील प्रत्येक तक्त्याचा आणि आकृतीचा निबंधाच्या मजकुरात उल्लेख हवा. अन्यथा वाचक तिथपर्यंत पोहोचतच नाही. आणि मुख्य म्हणजे, बहुतेक नियतकालिके पुरवणीचे मुद्रितशोधन करीत नाहीत, लेखकाने दिली तशीच ती प्रसिद्ध होते. निबंधातील शुद्धलेखन सुधारायला कोणी तरी असते, पुरवणीला कोणी नसते.

सामाजिक आणि आरोग्यविषयक सर्वेक्षणांत एक मुद्दा सर्रास दुर्लक्षिला जातो. प्रश्न विचारले जातात मराठीत, गोंडीत किंवा कोरकूत, पण जोडली जाते ती इंग्रजी प्रश्नावली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला स्त्रीरोगांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याच्या त्यातील निष्कर्षाने जगाचे लक्ष वेधले. अशा विषयात 'अंगावरून जाणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ एका गावात एक आणि दुसरीकडे वेगळा घेतला जाऊ शकतो. असे सर्वेक्षण आज कोणी करीत असेल, तर मूळ भाषेतील प्रश्न शब्दशः पुरवणीत असणे ही चैन नव्हे. त्यावाचून त्या टक्केवारीचा अर्थच लागत नाही.

काय उघड करू नये

सारे खुले करा, हा आग्रहही डोळे झाकून पाळता येत नाही. रुग्णाचे नाव काढले तरी वय, तालुका, दुर्मिळ आजार आणि दाखल झाल्याची तारीख या चार गोष्टी एकत्र आल्या की लहान गावात माणूस ओळखता येतो. म्हणून वयाऐवजी वयोगट आणि तालुक्याऐवजी जिल्हा देण्याची प्रथा आहे. प्राण्यांनाही हेच लागू आहे. १९९९ मध्ये चीनमधील एका गुहापालीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, त्यानंतर ती पाळण्याच्या बाजारासाठी मूळ ठिकाणाहून इतकी पकडली गेली की तेथे ती उरलीच नाही. सह्याद्रीतून पालींच्या नव्या जाती आजही नोंदवल्या जात आहेत. त्यांचे अचूक अक्षांश-रेखांश पुरवणीत देताना हा अनुभव ध्यानात घेणे भाग आहे. नमुना ज्या संग्रहालयात ठेवला आहे तेथे नेमके ठिकाण नोंदवायचे आणि प्रसिद्ध करताना केवळ परिसर सांगायचा, असा मार्ग अनेक जण पत्करतात.

पुरवणी तयार करणाऱ्यांची आणखी एक रास्त तक्रार आहे. निबंधाच्या शेवटी दिलेले संदर्भ मोजले जातात आणि त्यावरून संशोधकांची बढती ठरते. पुरवणीतील संदर्भ मात्र उद्धरणांची मोजणी करणाऱ्या प्रमुख सूचींमध्ये सहसा येत नाहीत. त्यामुळे ज्यांची मूळ आकडेवारी वापरली त्या क्षेत्रीय संशोधकांच्या पदरी काहीच पडत नाही. यावर उपाय म्हणून मोठी आकडेवारी पुरवणीत न ठेवता 'ड्रायॅड' किंवा युरोपातील सर्न संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'झेनोडो'सारख्या भांडारात जमा करण्याकडे कल वाढला आहे. तेथे आकडेवारीला स्वतःचा कायमस्वरूपी क्रमांक मिळतो आणि तिचा स्वतंत्र उल्लेख निबंधाच्या मुख्य संदर्भसूचीत करता येतो. जनुकीय क्रमांसाठी 'जेनबँक' हे भांडार तर १९८२ पासून आहे.

जीवशास्त्रीय माहितीसाठी भारताची भिस्त दीर्घकाळ अशा परदेशी भांडारांवरच होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले, आणि दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये याच केंद्रामार्फत संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ती कोणालाही सरसकट उतरवून घेता येत नाही. संशोधकाला प्रस्ताव देऊन, अटी मान्य करून ती मागावी लागते. अशी माहिती वापरणाऱ्या निबंधाच्या पुरवणीत व्यक्तींचे मूळ क्रम जोडता येणार नाहीत. ते कोठे आणि कोणत्या अटींवर मिळतील, एवढेच तेथे नोंदवता येईल, आणि विश्लेषणाची आज्ञावली मात्र संपूर्ण द्यावी लागेल.